मान, पाण्याचा पेला आणि दहा बोटं : थायरॉईड हाताने कसा तपासतात?

कंठस्थ

थायरॉईडवर इथे आधी बरेच धागे येऊन गेलेत, पण सगळे टीएसएचच्या, म्हणजे थायरॉईडच्या रक्ततपासणीतल्या आकड्याभोवती घोटाळतात. कुणाचा किती आला, गोळी उपाशीपोटी घ्यायची का, वगैरे. मानेला हात लावायचा विषय निघतच नाही. गेल्या आठवड्यात निळी_छत्री यांनी विचारलं होतं, "डॉक्टरांनी मागे उभं राहून गळा दाबल्यासारखं का केलं?" तेव्हा दोन ओळींत उत्तर देऊन सुटलो, मग वाटलं नीट लिहावं. मी मेडिसिनचा डॉक्टर आहे, विद्यार्थ्यांना शिकवतो, त्यामुळे थोडं मास्तरी वळण येईल. चालवून घ्या.

आधी माझीच फजिती. फायनलच्या परीक्षेत मला मानेची केस आली. बाई स्टुलावर शांत बसलेल्या, मान जराशी डावीकडे वळवलेली. मी मागे उभा राहिलो, चाचपलं आणि ठणकावून सांगितलं, "सर, उजवा लोब वाढलाय. चार सेंटिमीटर, टणक." (लोब म्हणजे ग्रंथीची एक बाजू.) परीक्षक काही बोलले नाहीत. टेबलावरचा पाण्याचा पेला उचलून त्यांनी बाईंच्या हातात दिला आणि मला म्हणाले, "आता परत हात ठेव." बाईंनी घोट घेतला. माझ्या बोटांखालचा 'लोब' जागचा हलला नाही. मग सरांनी बाईंना मान सरळ करायला सांगितली आणि लोब गायबच झाला! मी स्टर्नोमॅस्टॉइड, म्हणजे मानेच्या बाजूचा जाड स्नायू मोजत बसलो होतो. खरी गाठ डाव्या बाजूला होती आणि ती माझ्या हाताला लागलीच नव्हती.

तर सुरुवात जागेपासून. हनुवटीखालून मधोमध बोट खाली सरकवत न्या. पहिलं कडक लागतं ते हायॉइड हाड. त्याखाली कंठमणी, म्हणजे थायरॉईड कूर्चा. पुरुषांत ती डोळ्यांना दिसते, बायकांत बोटाला लागते. तिच्याखाली छोटीशी खळगी आणि खळगीखाली आडवं कडं, क्रिकॉइड. इथे थांबा. नावसारखेपणामुळे पुष्कळजण कंठमण्यावरच ग्रंथी शोधत बसतात. ती असते क्रिकॉइडच्या खाली. श्वासनलिकेच्या दुसऱ्या ते चौथ्या कड्यावर इस्थमस नावाचा आडवा पट्टा बसलेला असतो आणि त्याच्या दोन अंगांना दोन लोब. एकेक लोब ४ ते ५ सेंमी उंच, आख्ख्या ग्रंथीचं वजन १५ ते २५ ग्रॅम. लोबचा बराचसा भाग स्टर्नोमॅस्टॉइडच्या आड दडलेला असतो, म्हणून तर माझ्यासारख्यांची फसगत होते.

आता पाण्याचं. ही ग्रंथी श्वासनलिकेसमोरच्या पातळ आवरणात गुंडाळलेली असते आणि मागून एका मजबूत बंधाने क्रिकॉइडला नि श्वासनलिकेला जखडलेली असते. आवंढा गिळला की स्वरयंत्र वर चढतं, ग्रंथीही त्याच्या मागोमाग वर जाते आणि लगेच खाली येते. मानेतल्या लसिकागाठी, चरबी, स्नायू असं करत नाहीत. म्हणजे एका घोटात निम्मा निकाल लागतो.

आधी हात खिशात ठेवून नुसतं बघायचं. पेशंट खुर्चीवर, गळा मोकळा, मान थोडी मागे, उजेड एका बाजूने तिरपा पडेल असा. समोरून सरळ उजेड पडला की उंचसखलपणा पुसला जातो. पेशंटला घोट तोंडात धरून ठेवायला सांगायचं आणि आपण म्हणू तेव्हा गिळायला. असं का? कारण गिळण्याचा क्षण सेकंदभराचा असतो आणि तो नेमका आपण कागदावर काहीतरी लिहीत असताना येतो. समोरून एकदा, बाजूने एकदा. बाजूने बघताना क्रिकॉइडपासून गळ्याच्या खालच्या खाचेपर्यंतची रेघ सरळ किंवा किंचित आत गेलेली दिसायला हवी. ती बाहेर फुगली असेल तर काहीतरी आहे.

मग पेशंटच्या मागे जायचं. जाण्याआधी सांगून जायचं! इथे मान ताणलेली नको. हनुवटी जराशी खाली, की समोरचे स्नायू सैल पडतात. काहीजण मान मागे ठेवूनच तपासतात, ज्याला जे जमतं ते. अंगठे मानेच्या मागे टेकलेले, बाकीची बोटं दोन्ही बाजूंनी पुढे. तर्जनीने क्रिकॉइड शोधा, त्याखाली इस्थमस. नंतर एकेक लोब. उजवा तपासायचा तर डाव्या हाताने श्वासनलिका हलकेच उजवीकडे सरकवा, पेशंटला हनुवटी किंचित उजवीकडेच वळवायला सांगा म्हणजे त्या बाजूचा स्टर्नोमॅस्टॉइड ढिला पडतो, आणि उजव्या हाताची बोटं श्वासनलिका नि स्नायू यांच्यामधल्या पन्हळीत ठेवा. ठेवा म्हणतोय, खुपसा नाही. आता पाणी गिळायला सांगा.

यातली खुबी एवढीच की बोटं स्थिर ठेवायची आणि ग्रंथीला त्यांच्याखालून जाऊ द्यायचं. नवा विद्यार्थी उलटं करतो. तो बोटं फिरवत फिरवत ग्रंथी शोधतो, पेशंटला खोकला येतो आणि दोघंही घाबरतात. अंधारात शेजारून मांजर गेलं तर पायाला जसं कळतं, तसं कळतं हे. आपण पाय हलवत बसलो तर नाही कळत.

काय टिपायचं? एका बाजूला आहे की दोन्ही, गुळगुळीत की गाठाळ, एकच गाठ की अनेक, दुखतंय का, हलतंय का. किती घट्ट हे सांगायला एक जुनी युक्ती आहे: ओठासारखं मऊ, नाकाच्या शेंड्यासारखं घट्ट, की कपाळासारखं कडक. ग्रेव्हज आजारात, म्हणजे ग्रंथी जास्त काम करू लागते त्यात, ती सगळीकडून सारखी वाढलेली आणि बऱ्यापैकी मऊ लागते. हाशिमोटोत, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच ग्रंथीवर उलटते त्यात, रबरासारखी, जरा खडबडीत. सबअक्यूट थायरॉयडायटिसमध्ये, म्हणजे ग्रंथीला दुखरी सूज आली की, पेशंट हात लावू देत नाही, कळ कानापर्यंत जाते. आणि कपाळासारखं कडक, न हलणारं काही लागलं तर लवकरात लवकर पुढची तपासणी.

अजून दोन गोष्टी राहतात. गाठीच्या खालच्या कडेखाली बोट जातं का ते बघायचं. जात नसेल तर गाठ छातीत उतरली असू शकते. आणि श्वासनलिका मधोमध आहे की ढकलली गेलीय, ते खालच्या खाचेत बोट ठेवून. मानेच्या दोन्ही बाजूंच्या लसिकागाठी तपासल्याशिवाय तर हात काढायचाच नाही.

प्रश्न येऊ देत.

निळी_छत्री

तो प्रश्न विचारणारी मीच! तेव्हा खरंच घाबरले होते. मागून अचानक दोन हात गळ्याभोवती आले आणि "गिळा" म्हणून हुकूम. तोंडाला कोरड पडलेली, गिळणार काय? तीनदा आवंढा गिळायचा प्रयत्न केला, चौथ्यांदा गिळताच येईना. डॉक्टर वैतागले आणि मी रडकुंडीला. पाणी दिलं असतं तर किती सोपं झालं असतं हे आज कळतंय.

कंठस्थ

@निळी_छत्री, वाईट वाटलं वाचून. कोरडा आवंढा सलग दोन-तीन वेळा गिळला की पुढे कठीणच जातं, तुमचा दोष नव्हता. शिवाय ज्याचा थायरॉईड जास्त काम करतोय तो पेशंट मुळातच धास्तावलेला असतो, छाती धडधडत असते. त्याच्या मागून न सांगता गळ्याला हात घालणं म्हणजे कहर. मी तर मागे गेल्यावरही बोलत राहतो, आता अमुक बघतोय, आता घोट घ्या, असं. आवाज आला की माणसाला मागे कोण आहे ते कळतं.

इंटर्न_क्र_३

सर, वाचनखूण साठवली. परीक्षा होऊन गेली तरी एक शंका राहिलीय. आमच्या युनिटमध्ये एक सर समोरून तपासतात, दुसरे मागून, आणि दोघंही दुसऱ्याला चूक म्हणतात. बरोबर कोण?

कंठस्थ

दोघंही. मागून दोन्ही लोब एकाच वेळी बोटांखाली येतात, तुलना सोपी जाते. समोरून तपासलं की पेशंटचा चेहरा दिसतो, दुखलं तर लगेच कळतं. समोरून करताना एका अंगठ्याने एक लोब आत ढकलायचा, की दुसरा उठून दिसतो आणि दुसऱ्या हाताने तो नीट चाचपता येतो. याला लाहेची पद्धत म्हणतात. अगदी छोट्या गाठीची शंका असेल तर अंगठ्याचं टोक तिथे ठेवून गिळायला सांगायचं, ती क्राइलची. आणि मान आखूड, जाड असेल तर पेशंटला हाताचे पंजे डोक्यामागे गुंफून डोकं त्यांच्यावर मागे दाबायला सांगायचं, ग्रंथी पुढे येते. ती पिझिलोची. व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, नावं लागतात, खाटेजवळ युक्त्या लागतात.

एक महत्त्वाचं. दोन्ही बाजू एकाच वेळी खोल दाबू नकोस, विशेषतः म्हाताऱ्या माणसांत. मेंदूकडे रक्त नेणाऱ्या कॅरोटिड रोहिण्या तिथेच आहेत, चक्कर येऊन पडतील.

शंकासूर

लेख चांगला आहे, पण एक आगाऊ प्रश्न. सोनोग्राफीत दोन मिलिमीटरची गाठ दिसते. मग हे पेला-बोटं-मांजर कशासाठी? परंपरा म्हणून? हाताला एक सेंटिमीटरच्या आतलं काही लागत नाही असं माझ्या ओळखीतला रेडिओलॉजिस्ट सांगतो.

सुईवाला

@शंकासूर, मी पॅथॉलॉजीत आहे, दिवसभर थायरॉईडमध्ये सुया घालतो, म्हणून मध्ये पडतो. तुमचा रेडिओलॉजिस्ट बरोबर बोलतोय. साधारण ४ ते ७ टक्के प्रौढांच्या मानेत हाताला लागणारी गाठ सापडते. सोनोग्राफी लावली की हा आकडा कितीतरी पट वाढतो, उतारवयातल्या बायकांत तर निम्म्याच्या आसपास जातो. पण त्यातल्या बहुसंख्य निरुपद्रवी. दोन मिलिमीटरचं दिसणं हे नेहमी वरदान नसतं हो.

दक्षिण कोरियाचं उदाहरण आमच्या शाखेत सगळ्यांना पाठ आहे. तिथे १९९९ नंतर कॅन्सर तपासणी मोहिमेच्या जोडीने मानेची सोनोग्राफी सर्रास होऊ लागली. २०११ साली थायरॉईड कॅन्सरचं निदान होण्याचं प्रमाण १९९३ च्या पंधरा पट झालं होतं. आणि त्या कॅन्सरने होणारे मृत्यू? जवळपास तेवढेच. म्हणजे आयुष्यभर त्रास न देणाऱ्या गाठी शोधून काढल्या, माना कापल्या आणि लोकांना जन्मभराच्या गोळ्या लावल्या.

शंकासूर

बघा, म्हणजे उगाच शोधू नये हेच सिद्ध झालं. मग हातानेही कशाला शोधायचं?

कंठस्थ

शंकासूर, तुमचा मुद्दा निम्मा मान्य. अमेरिकेतल्या प्रिव्हेंटिव्ह सर्व्हिसेस टास्क फोर्सने २०१७ साली स्पष्ट सांगितलंय की कसलीही तक्रार नसलेल्या प्रौढांची कॅन्सरसाठी सरसकट तपासणी करू नका, सोनोग्राफीने नाही आणि हातानेही नाही. त्यामुळे मी हा धागा 'सगळ्यांच्या माना तपासा' म्हणून काढलेला नाही.

पण जो माणूस धडधड, वजन उतरणं, थकवा, गिळताना अडकणं, आवाज बसणं अशी तक्रार घेऊन आलाय, किंवा ज्याला स्वतःला आरशात फुगवटा दिसलाय, त्याच्या बाबतीत मान न तपासता थेट सोनोग्राफीचा फॉर्म भरणं मला पटत नाही. सोनोग्राफीच्या अहवालात मापं येतात. गाठ दुखते का, बोट लावल्यावर चेहरा आक्रसतो का, ती शेजारच्या स्नायूला चिकटून बसलीय का, हे हातालाच कळतं. शिवाय दुखरी ग्रंथी आणि महिन्यापूर्वीचा ताप हे दोन धागे जुळले तर सबअक्यूट थायरॉयडायटिस तिथेच ओळखता येतो.

आणि हाताच्या मर्यादेबद्दल विचारलंत तर सगळ्यात मोठी वेगळीच आहे. ग्रंथी किती मोठी आहे ते हाताला कळतं, ती किती काम करतेय ते कळत नाही. मोठ्या गलगंडाचा टीएसएच अगदी नॉर्मल असू शकतो आणि हायपोथायरॉईड, म्हणजे ग्रंथी कमी काम करणाऱ्या पेशंटच्या मानेत काहीच लागत नाही असंही होतं. त्याला रक्ततपासणीच हवी.

सुईवाला

+१. माझ्याकडून एक भर. पाण्याने गच्च भरलेली गाठ हाताला दगडासारखी कडक लागते. 'कडक आहे, कॅन्सर असणार' असं लिहिलेल्या चिठ्ठीवर पेशंट थरथरत येतो, मी सुई घालतो, चार मिली तपकिरी पाणी येतं आणि गाठ सपाट. उलट पॅपिलरी कॅन्सरची (थायरॉईडच्या कॅन्सरचा नेहमीचा प्रकार) गाठ मऊ लागलेलीही पाहिलीय. म्हणून चिठ्ठीवर हाताला काय लागलं तेवढं लिहा, निदान आमच्यासाठी ठेवा. ;)

खर्जातला_सा

मी गाणं शिकवते. माझ्या गळ्यात तीन महिन्यांपासून काहीतरी 'आहे' असं वाटतंय, आवाज खाली जड झालाय. आरशासमोर पाणी पिऊन स्वतः बघितलं तर चालेल का? आणि गिळताना कंठमणी हलतो तो आणि ग्रंथी हलते ती, फरक कसा ओळखायचा?

कंठस्थ

@खर्जातला_सा, बघायला हरकत नाही. हातातला आरसा, मान थोडी मागे, घोट घ्या आणि नजर कंठमण्याच्या खाली, हाडाच्या खाचेच्या वर ठेवा. कंठमणी वरचा, मधोमध आणि टोकदार. तो हलणारच. त्याच्याखाली, मध्यापासून जरा बाजूला गोलसर फुगवटा वर-खाली होताना दिसला तर तो ग्रंथीचा असू शकतो. स्वतः दाबून बघत बसू नका, नॉर्मल गोष्टीही गाठ वाटायला लागतात.

पण तुमच्या बाबतीत आरशाने भागायचं नाही. आवाज तीन आठवड्यांहून जास्त बदललेला असेल तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून स्वरतंतू बघून घ्यायलाच हवेत. स्वरतंतू हलवणारी नस थायरॉईडच्या मागून जाते. तिच्यावर दाब आला किंवा गाठ तिच्यात शिरली तर आवाज घोगरा, हवा सुटल्यासारखा होतो. हायपोथायरॉईडमध्ये स्वरतंतू सुजून आवाज जाड नि खालचा होतो. अॅसिडिटी, अति गाणं ही साधी कारणंही आहेतच. मान तपासून, टीएसएच करून आणि घसा दाखवून या, आणि इथे कळवा.

पांढरी_पट्टी

मी नर्स आहे. डॉक्टरसाहेब मानेतच अडकलेत, मी उरलेला माणूस दाखवते. :)

पेशंट खोलीत येतानाच बघायचं. कडाक्याच्या थंडीत पंखा लावा म्हणतोय की उकाड्यात शाल पांघरलीय? हात हातात घ्या, गरम नि ओलसर की गार नि कोरडा. नाडी मोजा, नुसता वेग नाही, अनियमित आहे का तेही. दोन्ही हात समोर सरळ धरायला सांगून बोटांवर कोरा कागद ठेवा. थायरॉईड जास्त असेल तर कागदाची कड फडफडते, नुसत्या डोळ्यांना न दिसणारी थरथरसुद्धा कागद दाखवतो. खुर्चीतून हाताचा आधार न घेता उठायला सांगा. मांडीचे स्नायू अशक्त झाले असतील तर माणूस आपोआप खुर्चीच्या हातावर भार देतो, त्याला कळतही नाही.

हायपोसाठी माझी आवडती युक्ती: पेशंटला खुर्चीवर गुडघे टेकवून बसवा, पावलं कडेबाहेर लोंबती. टाचेमागच्या शिरेवर हातोडीने हलकेच ठोका. पाऊल झटकन हलतं, पण परत येताना असं सावकाश येतं, जसं काही त्याला कुठे जायची घाई नाही. एकदा पाहिलं की विसरत नाही कुणी.

कंठस्थ

@पांढरी_पट्टी, अडकलो होतो खरा! कागद आणि खुर्ची दोन्ही माझ्या लेखात हवे होते. डोळ्यांचं तेवढं मी जोडतो. बोट पेशंटच्या नजरेसमोर वरून हळूहळू खाली न्यायचं. बुबुळ बोटाबरोबर खाली येतं, वरची पापणी मागे रेंगाळते आणि मध्ये पांढरी पट्टी दिसते (तुमचं नाव नव्हे). हे कुठल्याही कारणाने थायरॉईड जास्त काम करू लागला तरी दिसू शकतं. डोळे पुढे आलेले असतील तर मात्र संशय ग्रेव्हजचा. ते ओळखायला मागे उभं राहून पेशंटच्या कपाळावरून खाली बघायचं, बुबुळं भुवईच्या पुढे डोकावतात का ते कळतं.

स्टेथोस्कोपचंही राहिलं. ग्रेव्हजमध्ये ग्रंथीतून रक्त इतक्या जोरात वाहतं की लोबवर स्टेथोस्कोप ठेवून श्वास रोखायला सांगितला तर सूं सूं ऐकू येतं, कधी हाताला थरथरही लागते. श्वास रोखायला सांगायचंच, नाहीतर श्वासनलिकेचा आवाज ऐकून आपण खूश. शिरेचा आवाज असेल तर बोटाने मानेची शीर हलकेच दाबली की बंद होतो.

गोष्टवेल्हाळ

अवांतर, पण राहवत नाही. या तपासणीत नावांची गंमत आहे. स्वरयंत्रासमोरच्या एका छोट्या लसिकागाठीला डेल्फियन गाठ म्हणतात, ग्रीसमधल्या डेल्फीच्या भविष्यवाणीवरून. ती हाताला लागली तर आत काय चाललंय त्याचं भाकीत करते म्हणून! स्वित्झर्लंडच्या कोखरला १९०९ साली नोबेल मिळालं ते थायरॉईडवरच्या कामासाठीच. आणि मोदिल्यानी या इटालियन चित्रकाराने रंगवलेल्या बायकांच्या माना लांब, पुढे वाकलेल्या असतात. तशी मान असलेल्या माणसाची नॉर्मल ग्रंथीसुद्धा उठून दिसते आणि डॉक्टर फसतात, म्हणून त्या खोट्या गलगंडाला त्याचंच नाव दिलंय.

इंटर्न_क्र_३

भारी! सर, मग गलगंड 'आहे' असं नेमकं कधी म्हणायचं?

कंठस्थ

अंगठ्याने. लोब अंगठ्याच्या शेवटच्या पेरापेक्षा मोठा लागला तर वाढलेला. पण अंगठा पेशंटचा, तुझा नाही! लहान मुलाच्या मानेला स्वतःचा अंगठा लावून 'नॉर्मल' लिहिणारे पाहिलेत मी. जागतिक आरोग्य संघटनेची १९९४ ची वर्गवारी सोपी आहे. शून्य म्हणजे लागत नाही, दिसत नाही. एक म्हणजे लागतो, पण मान सरळ असताना दिसत नाही. दोन म्हणजे मान सरळ असतानाही दिसतो.

आणि मधोमध गाठ असेल, गिळताना हलत असेल, तर जीभ बाहेर काढायला सांग. जीभ काढल्यावरही ती वर उचलली गेली तर थायरोग्लॉसल सिस्ट. गर्भात ग्रंथी जिभेच्या मुळापासून खाली उतरते, त्या वाटेचा तो राहून गेलेला तुकडा. जबडा आधीच उघडा ठेवायला सांगायचं, नाहीतर तोंड उघडण्याच्या हालचालीनेच गल्लत होते.

इंटर्न_क्र_३

चार दिवसांनी येतोय, सांगण्यासारखं घडलं म्हणून. आधी रूममेटवर सराव केला. पहिल्या दिवशी काहीच लागलं नाही, मी बोटं फिरवतच होतो. दुसऱ्या दिवशी बोटं ठेवून गप्प उभा राहिलो, त्याने घोट घेतला आणि काहीतरी मऊसर, चपटं बोटांखालून वर गेलं नि आलं. इस्थमस! ओरडलोच. रूममेटला ठसका लागला.

आज ओपीडीत साठीच्या आजी आल्या, झोपल्यावर दम लागतो म्हणून. मानेत दोन्हीकडे गाठाळ वाढ. खालच्या कडेखाली बोट जाईना. खूप प्रयत्न केला, गिळतानाही खालची कड वर येईना. मग दोन्ही हात कानांना लागतील असे वर करायला सांगितले आणि घड्याळ लावलं. चाळीस सेकंदांत चेहरा लालभडक, ओठ निळसर, मानेच्या शिरा तट्ट फुगल्या. मी घाबरून हात खाली करायला लावले. सरांना बोलावलं, त्यांनी लगेच छातीचा सीटी सांगितला.

कंठस्थ

शाब्बास! आणि त्रास दिसताच थांबलास ते फार बरं केलंस. ती पेम्बर्टनची खूण, १९४६ सालची. छातीच्या वरच्या तोंडाशी जागा मुळातच कमी. हात वर केले की ती आणखी आवळते आणि गलगंड बुचासारखा बसतो, डोक्याकडचं रक्त खाली उतरू शकत नाही. आजींना सपाट झोपवू नका, भूल द्यायची वेळ आली तर भूलतज्ज्ञांना आधी कळवा.

खर्जातला_सा

मीही कळवते. स्वरतंतू व्यवस्थित हलतायत. मानेत गाठ नाही, ग्रंथी थोडी घट्ट आहे म्हणाल्या, आणि टीएसएच १८ आलाय, म्हणजे ग्रंथी कमी काम करतेय. गोळ्या सुरू झाल्या. डॉक्टरीणबाईंनी मागे जाण्याआधी पाणी दिलं हो, मी न सांगता!

निळी_छत्री

नशीबवान आहात. :)

इंटर्न_क्र_३

सर, शेवटचं. आजींनी माझं बघून होईपर्यंत आख्खा पेला संपवला, मग चाचपताना गिळायला पाणीच नव्हतं. दुसरा पेला दिला तर त्यांना लघवीला जावं लागलं. काय करायचं?

कंठस्थ

घोट छोटा घ्यायला सांगायचा, चमचाभर पुरतो. बघण्यासाठी दोन, उजव्या लोबला दोन, डाव्याला दोन, इस्थमसला एक. पेला तू धरायचा आणि घोटापुरताच त्यांच्या हातात द्यायचा.